कठडा शेवटी बांधला जातो

बंगळूरुतील आमच्या सरकारी वसाहतीच्या गच्चीवरून गेले वर्षभर मी समोरच्या भूखंडावर एक निवासी इमारत वर चढताना पाहत आहे. सकाळी चहाचा पेला घेऊन वर गेले की सातव्या मजल्यावर काम सुरू झालेले असते. सेंटरिंगच्या प्लेटा काढणारी वीस-बावीस वर्षांची मुले स्लॅबच्या अगदी कडेशी बसून पहारीने प्लेट सैल करतात आणि ओढून घेतात. कडेला संरक्षण म्हणून लाल-पांढऱ्या पट्ट्यांची प्लास्टिकची फीत बांधलेली आहे. वारा सुटला की ती फडफडते. मी ज्या गच्चीवर उभा असतो, तिला मात्र कमरेच्या वर येणारा विटांचा पक्का कठडा आहे.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार गच्ची, सज्जा, व्हरांडा यांच्या कडेला साधारण एक मीटर किंवा त्याहून अधिक उंचीचा कठडा असावा लागतो. नकाशा मंजूर करताना तो पाहिला जातो आणि फ्लॅट घेणारेही तो पाहतात. परंतु बांधकामाच्या क्रमात कठड्याचा नंबर अगदी शेवटी लागतो. आधी स्लॅब, मग भिंती, मग कठडा. स्लॅब पडल्यापासून कठडा उभा राहीपर्यंतचे जे आठवडे किंवा महिने असतात, त्या काळात त्या कडेवर सर्वाधिक माणसे वावरतात. म्हणजे ज्यांना पुढे तेथे राहायचे आहे त्यांच्या पडण्याचा विचार आपण केला आहे; जे तेथे आज काम करीत आहेत त्यांच्या पडण्याचा केलेला नाही.

असे का झाले असावे? एखाद्या ठेकेदाराच्या हलगर्जीपणाकडे बोट दाखवून या प्रश्नाचे उत्तर संपत नाही. त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात माझ्यासारख्या फायलीवर टिपणी लिहिणाऱ्यांचाही वाटा आहे. तो वाटा मी पुढे सांगणारच आहे.

कठड्याची कल्पना काही नवी नाही. बायबलच्या जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे की, छताला कठडा करावा, नाहीतर तेथून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल. त्याहूनही प्राचीन अशा हम्मुराबीच्या संहितेत घर कोसळून धनी मेला तर बांधणाऱ्याला देहदंड सांगितला आहे. दोन्ही ठिकाणी काळजी आहे ती घरात राहणाऱ्याची आणि पाहुण्याची. घर बांधताना जो पडतो, त्याचा उल्लेख या आज्ञांत नाही.

आधुनिक काळात कायद्याने कामगाराकडे पाहण्यास सुरुवात केली ती कारखान्यात. १८८१ च्या भारतीय कारखाने कायद्यात धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद आली. पुढे १९४८ च्या कायद्यात जमिनीतील खड्डे, उघडी भोके आणि उंचावरील कामाच्या जागा यांचाही विचार झाला. परंतु बांधकामाची जागा म्हणजे कारखाना नव्हे. कारखान्याला फाटक असते, हजेरीपट असतो, एक कायमचा मालक असतो आणि निरीक्षक पुढच्या वर्षीही त्याच पत्त्यावर जाऊ शकतो. बांधकाम मात्र पूर्ण झाले की कामाची जागाच नाहीशी होते. मालक, ठेकेदार, पोटठेकेदार आणि मुकादम अशा उतरंडीत कामगार नेमका कोणाचा, हे ठरविण्यातच तपासाचा वेळ जातो.

त्यामुळे बांधकाम कामगाराच्या वाट्याला प्रथम आला तो पडल्यानंतरचा कायदा. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. मूळ तरतुदीनुसार कामावर मृत्यू आल्यास ३० महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती वारसांना मिळे. या कायद्याच्या परिशिष्टात बांधकामाचा समावेश होता, तोही उंचीच्या अटीसह. पुढे रूढ झालेल्या मजकुरानुसार एकाहून अधिक मजल्यांची किंवा जमिनीपासून छताच्या टोकापर्यंत १२ फूट अथवा त्याहून उंच इमारत त्यात मोडे. म्हणजे उंची धोकादायक असते हे कायद्याला ठाऊक होते. त्या उंचीवरून पडण्याची किंमत त्याने ठरविली. पडू नये म्हणून काय करावे, हे सांगणे त्याचे काम नव्हते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे ॲडम स्मिथ आठवल्याशिवाय राहत नाही. १७७६ च्या आपल्या ग्रंथात त्याने निरनिराळ्या व्यवसायांतील मजुरी वेगळी का असते याची चर्चा केली आहे. गवंड्याचे उदाहरण देऊन तो म्हणतो की, थंडीत आणि खराब हवेत गवंड्याला काम नसते, म्हणून कामाच्या दिवसांची मजुरी अधिक असावी लागते. याच विचाराच्या आधारे पुढील अर्थशास्त्रज्ञांनी मांडले की, धोक्याच्या कामाला बाजार आपोआप अधिक मोबदला देतो. एम.ए.च्या वर्गात हा सिद्धांत मला फार सुबक वाटला होता. समोरच्या इमारतीच्या मुकादमाला मी एकदा विचारले की, तळमजल्यावरच्या बिगाऱ्याला आणि सातव्या मजल्यावरच्या बिगाऱ्याला वेगळा रोज मिळतो का. त्याला प्रश्नच समजला नाही. रोज माणसाचा असतो, मजल्याचा नसतो, असे तो म्हणाला. धोक्याचा मोबदला मागण्यासाठी धोक्याची माहिती हवी आणि नाही म्हणण्याची ऐपत हवी. यादगीर, रायचूर, कलबुर्गी येथून किंवा बिहार, झारखंड, ओडिशा येथून उचल घेऊन आलेल्या माणसाजवळ दुसरी गोष्ट क्वचितच असते.

बंगळूरुचा वर चढण्याचा इतिहास तसा अलीकडचा आहे. विधान सौधाची पायाभरणी १३ जुलै १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाली आणि केंगल हनुमंतय्या यांच्या कारकिर्दीत, १९५६ मध्ये, ती वास्तू पूर्ण झाली. तिच्या बांधकामावर हजारो मजुरांबरोबर तुरुंगातील कैदीही राबले. सरकारचे काम हे देवाचे काम, असे वचन त्या इमारतीच्या दर्शनी भागावर कोरलेले आहे. ती दगडी भव्यता पाहताना ज्या परांच्यांवरून ते दगड चढले, त्या परांच्यांची आठवण कोणाला होत नाही. १९७० च्या दशकात महात्मा गांधी मार्गावर २५ मजली सार्वजनिक उपयोगिता भवन उभे राहिले आणि शहराला उंच इमारतीची ओळख झाली. नव्वदच्या दशकात माहिती तंत्रज्ञान उद्योग आला, व्हाइटफील्डपासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत शहर पसरले, आणि चार मजल्यांचे गाव वीस-पंचवीस मजल्यांचे झाले.

मधल्या काळात एक मोठा आघात झाला. १२ सप्टेंबर १९८३ रोजी गांधीनगर भागात, कपाली चित्रपटगृहाजवळ, बांधकाम चालू असलेली गंगाराम इमारत कोसळली आणि १२३ माणसे मृत्युमुखी पडली. जुने बंगळूरुकर अजूनही त्या दिवसाविषयी बोलतात. अशा दुर्घटना पुढेही होत राहिल्या. पुण्यात बालेवाडी येथे २९ जुलै २०१६ रोजी वरच्या मजल्याचा स्लॅब कोसळून ९ कामगार गेले. बंगळूरुत बाबुसापाळ्य येथे २२ ऑक्टोबर २०२४ रोजी पावसात बांधकामाधीन इमारत पडून ९ जण गेले. इमारत कोसळली की मंत्री येतात, चौकशी नेमली जाते, मदत जाहीर होते. एकेकटा माणूस कडेवरून किंवा लिफ्टच्या उघड्या विहिरीत पडला तर यांतले काही होत नाही. पोलीस ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद होते, वर्तमानपत्रात चार ओळी येतात. निम्हान्सच्या संशोधकांनी डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला तेव्हा रस्त्यावरील अपघातांखालोखाल पडण्याचा क्रमांक लागला. त्यांत घरात पडणारी मुले आणि वृद्ध आहेत, तसेच बांधकामावरून पडलेले तरुणही आहेत. एकेक करून पडणाऱ्यांची बेरीज कोणाच्याही डोळ्यांसमोर येत नाही.

जगात इतरत्र पडण्याआधीचा विचार कधी सुरू झाला? सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल बांधताना मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस याने पुलाखाली जाळे लावून घेतले. त्यासाठी त्या काळी १ लाख ३० हजार डॉलरहून अधिक खर्च आला. त्या जाळ्याने १९ माणसे वाचविली. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक परांची जाळे फाडून खाली गेली आणि १० माणसे दगावली, हेही खरे; परंतु जाळे ही चैन नसून बांधकामाचाच भाग आहे, ही गोष्ट तेथे सिद्ध झाली. त्याच वर्षी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने इमारत बांधकामातील सुरक्षिततेचा ६२ क्रमांकाचा करार मंजूर केला. परांचीला कठडा आणि पायाशी आडवी फळी असावी, हे त्यात आले. अमेरिकेत १९७० च्या कायद्यानंतर नियमांना धार आली. तेथे आज बांधकामावर ६ फुटांहून अधिक उंचीची कड उघडी ठेवता येत नाही आणि कठड्याची वरची दांडी ४२ इंचांवर, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटरवर लागते. ब्रिटनच्या २००५ च्या नियमांत ही उंची किमान ९५० मिलिमीटर आहे.

आपल्याकडे हे ज्ञान नव्हते असे कोणी समजू नये. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कंत्राटांना जोडली जाणारी सुरक्षा संहिता ज्यांनी वाचली आहे त्यांना ठाऊक असेल की, १२ फुटांहून उंच परांचीला किमान ३ फुटांचा भक्कम कठडा असावा आणि स्लॅबमधील प्रत्येक उघड्या जागेभोवती तेवढ्याच उंचीचे कुंपण असावे, हे त्यात स्वच्छ लिहिलेले असते. ३ फूट पुरेसे आहेत का, हा प्रश्न वेगळा. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य त्याच्या उंचीच्या निम्म्याहून थोडा वर असतो. साडेपाच फुटी माणसाचा गुरुत्वमध्य ३ फुटांच्या आसपास येतो. कठडा त्याहून खाली असला तर धक्का बसलेला माणूस त्यावर अडण्याऐवजी त्यावरून उलटतो. म्हणूनच इतर देशांनी दांडी वर नेली.

कमरेच्या पट्ट्याविषयीही येथे दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आपल्याकडे सुरक्षा म्हटले की पिवळे शिरस्त्राण आणि पट्टा एवढेच डोळ्यांपुढे येते. पट्टा अडकविण्यास भक्कम जागा नसेल तर तो केवळ अलंकार ठरतो. शिवाय दोरीची लांबी, तिचा ताण आणि माणसाची उंची यांची बेरीज केली तर पडणारा माणूस अधांतरी थांबण्यास खाली ५ ते ६ मीटर मोकळी जागा लागते. पहिल्या मजल्यावरून पडणारा माणूस पट्टा ताणला जाण्याआधीच जमिनीवर पोचतो. निव्वळ कमरेचा पट्टा झटक्याने शरीराला आतून इजा करतो, म्हणून अमेरिकेने १ जानेवारी १९९८ पासून पडणाऱ्याला झेलण्यासाठी त्याचा वापर बंद करून संपूर्ण अंगाचा पट्टा सक्तीचा केला. पट्टा कामगाराने दर वेळी आठवणीने अडकवावा लागतो. कठडा एकदा लावला की कोणाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही. सुरक्षाशास्त्रात कठड्याला पट्ट्यापेक्षा वरचे स्थान आहे ते यामुळेच.

भारतात बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा व्हावा ही मागणी ऐंशीच्या दशकात जोर धरू लागली. दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम हे धोक्याचे काम आहे आणि तेथे बालकांना राबविता येणार नाही, असे स्पष्ट केले. १९८५ मध्ये न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या नेतृत्वाखाली बांधकाम मजुरांच्या केंद्रीय कायद्यासाठी राष्ट्रीय मोहीम समिती उभी राहिली. नित्य बदलणारे मालक आणि विखुरलेले कामगार यांच्यामध्ये एक मंडळ असावे आणि त्याने मालकांकडून रक्कम गोळा करून कामगारांना लाभ द्यावेत, ही कल्पना मराठी वाचकांना अपरिचित नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याचा गाभा तोच होता.

अखेर १९९६ मध्ये इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा आणि त्याच्या जोडीला उपकर कायदा आला. १० किंवा अधिक कामगार असलेल्या बांधकामांना तो लागू झाला. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर बसला. १९९८ च्या केंद्रीय नियमांत परांच्या, पट्टे, जाळी, झेलफलाट यांविषयी सविस्तर प्रकरणे आली. कर्नाटकाने आपले नियम करण्यास २००६ साल उजाडले आणि मंडळ २००७ मध्ये स्थापन झाले. महाराष्ट्राचे नियमही २००७ चेच.

आता या कायद्यातील दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. सुरक्षा नियम मोडल्यास शिक्षा होती तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि उल्लंघन चालूच राहिल्यास दिवसाला १०० रुपयांपर्यंत. सहा महिने कड उघडी ठेवणाऱ्याचा दंड, पकडला गेलाच तर, २० हजारांच्या आसपास जातो. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडले की, नियम मोडणारा दंडाच्या रकमेला पकडले जाण्याच्या शक्यतेने गुणून पाहतो. आपल्या ठेकेदारांनी बेकर वाचलेला नसला तरी हा गुणाकार त्यांना उत्तम येतो. दुसरा आकडा उपकराचा. मोहीम समितीच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ रोजी निकाल दिला तेव्हा देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक उपकर जमा झालेला होता आणि त्यांपैकी खर्च झाले होते सुमारे ९,५०० कोटी. जे खर्च झाले तेही शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन, औषधोपचार, अंत्यविधी यांवर. ही सर्व कामे आवश्यकच आहेत. परंतु पाहा, १९२३ प्रमाणेच येथेही पैसा ठेवला गेला तो पडल्यानंतरसाठी. पडण्याआधीचा कठडा ठेकेदाराच्या मर्जीवर राहिला आणि ती मर्जी तपासण्यासाठी मूठभर निरीक्षक.

आता माझा वाटा. काही वर्षांपूर्वी, याच शहरात, एका सरकारी कार्यालयाच्या वाढीव इमारतीचे अंदाजपत्रक वित्त शाखेत माझ्यासमोर आले. कोणा तरुण अभियंत्याने त्यात स्लॅबच्या कडेला लोखंडी नळ्यांचा तात्पुरता कठडा आणि जाळी, दर मीटरला अमुक, अशी वेगळी बाब घातली होती. मी टिपणी लिहिली की, कंत्राटाच्या अटींनुसार सुरक्षा व्यवस्था ही ठेकेदाराची जबाबदारी असून तिचा खर्च दरांत अंतर्भूत समजण्यात यावा. स्वतंत्र बाब मान्य करणे म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे देणे होय. टिपणी नियमाला धरून होती. अंदाजपत्रक थोडे खाली आले आणि मला त्याचे समाधानही वाटले. निविदा अर्थातच सर्वांत कमी दराची स्वीकारली गेली. आठ-नऊ महिन्यांनी तिसऱ्या मजल्यावरून एक मुलगा प्लेट ओढताना तोल जाऊन पडला. तो वाचला, पण कमरेखाली पुन्हा हालचाल आली नाही. त्याचे वडील त्याला गावी घेऊन गेले. भरपाईची रक्कम नियमाप्रमाणे मिळाली. तिची फाईल माझ्याच टेबलावरून गेली. चौकशीत ठेकेदारावर ठपका आला. माझ्या टिपणीचा उल्लेख कोठेही नव्हता, असण्याचे कारणही नव्हते.

त्या दिवसापासून अंतर्भूत हा शब्द मला निर्मळ वाटत नाही. जे सर्वांच्या दरात अंतर्भूत असते, ते सर्वांत कमी दर भरणारा प्रथम वगळतो. प्रामाणिकपणे कठड्याचा खर्च धरणारा ठेकेदार निविदेत हरतो आणि न धरणारा जिंकतो. यात कोणी दुष्ट असण्याची आवश्यकता नाही. निविदेची पद्धतच ही निवड करते. हाँगकाँगने १९९६ मध्ये सरकारी कामांसाठी यावर साधा उपाय काढला. सुरक्षेच्या बाबी निविदेच्या स्पर्धेतून बाहेर काढल्या, त्यांसाठी कंत्राटाच्या रकमेच्या सुमारे २ टक्के वेगळे ठेवले, आणि ती बाब प्रत्यक्ष झालेली दिसली तरच तिचे पैसे द्यायचे असे ठरविले. म्हणजे माझ्या टिपणीच्या नेमके उलट.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० अमलात आली असून १९९६ चा कायदा तिच्यात विलीन झाला आहे. कर्तव्यात कसूर झाल्याने मृत्यू घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद तीत आहे, आणि दंडाचा किमान अर्धा भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. २५० कामगारांच्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमावा लागेल. पूर्वी ही मर्यादा ५०० होती. २,००० रुपयांवरून ५ लाखांवर येणे ही प्रगतीच आहे. परंतु १० हून कमी कामगारांची लहान बांधकामे पूर्वीप्रमाणेच बाहेर आहेत, आणि आपल्या शहरांतील गल्लीबोळांत चढणारे तीन-चार मजले बहुधा तशाच टोळ्या बांधतात. कायद्याचा हात तेथे पोचेपर्यंत घरमालकाचाच हात पोचणे शक्य आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माझ्या वाचकांपैकी अनेकांनी बंगळूरु, हैदराबाद किंवा आणखी दूर कोठे घर घेतले असेल, काहींचे बांधून होत असेल. आपण चटईक्षेत्र विचारतो, पाण्याची सोय विचारतो, पूर्वेचा दरवाजा विचारतो. काम पाहावयास गेल्यावर स्लॅबची कड बंद केली आहे का, आणि तिचे पैसे दरपत्रकात वेगळे लिहिले आहेत का, हे दोन प्रश्नही विचारावेत, एवढीच विनंती.

मी स्वतः आता वित्त शाखेत नाही, तरी ज्या ज्या समितीवर बसतो तेथे सुरक्षेची बाब वेगळी दाखवावी असा आग्रह धरतो. कधी मान्य होतो, कधी आक्षेप येतो. आक्षेपाची भाषा मला पाठ आहे, कारण ती माझीच आहे.

गेल्या आठवड्यात समोरच्या इमारतीच्या व्यवस्थापकाला भेटून आलो. त्याने आदराने खुर्ची दिली, चहा मागविला आणि म्हणाला, "साहेब, पुढच्या महिन्यात कठडाच बांधून होतोय, आता नळ्यांचा खर्च कशाला?" आज सकाळी गच्चीवर गेलो तेव्हा वरच्या कडेची फीत एका बाजूने सुटून खाली लोंबत होती आणि दोघे जण तिच्याशेजारी बसून प्लेट ओढत होते.